औद्योगिक शाळा, ब्रिटिशकालीन

सुतारकाम, लोहारकाम, ओतकाम, विणकाम, रंगाई, काचकाम, यंत्रांची जोडणी व देखभाल इ. व्यवसायांचे पद्धतशीर शिक्षण देण्यासाठी ब्रिटिश अंमलात स्थापन झालेल्या संस्था. त्यांत प्राथमिक शाळेला जोडलेल्या सुतारकामाच्या वर्गापासून मुंबईतील मोठ्या तंत्रशिक्षणसंस्थेपर्यंत अनेक पायऱ्या होत्या. प्रस्तुत नोंदीत मुंबई इलाखा, त्यालगतची संस्थाने आणि मध्य प्रांत व वऱ्हाड येथील अशा शाळांचे नियोजन कसे झाले व त्यांना पैसा कोठून मिळाला, यांचा विचार केला आहे. सध्याचा गोंदिया जिल्हा त्या काळी मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९९९ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला.

स्वतंत्र देशात औद्योगिक शाळा सामान्यतः उद्योगाच्या वाढीबरोबर वाढतात. त्यांचा खर्च राज्य, नगरपालिका व कारखानदार वाटून घेतात. वसाहतीत ही सांगड सहज जुळत नाही. जकात, रेल्वेचे दर आणि सरकारी खरेदी यांविषयीचे निर्णय वसाहतीबाहेर होतात, तर शाळेचा खर्च स्थानिक उत्पन्नातून भागवावा लागतो. यामुळे प्रत्येक योजनेत शाळेचा पैसा कोण देणार आणि शिकून तयार झालेल्या मुलाला काम कोण देणार, असे दोन प्रश्न उपस्थित झाले. पहिल्या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे निघाली. दुसरा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहिला. या शाळांच्या यशापयशाचा उलगडा मुख्यतः यावरून होतो.

पार्श्वभूमी : पारंपरिक भारतीय व्यवसायांचे शिक्षण घरात व कारखान्यात होत असे. सुतार, लोहार, तांबट, कोष्टी, साळी, रंगारी यांची मुले वडिलांच्या हाताखाली लहानपणापासून काम शिकत. या पद्धतीत शिक्षणाचा वेगळा खर्च नव्हता. शिकाऊ मुलाचे श्रम हीच त्याची फी होती. एकोणिसाव्या शतकात यंत्रोत्पादित कापडाची व धातूंच्या मालाची आयात वाढली, तशी या कारागिरांची बाजारपेठ आकुंचित झाली. त्याच सुमारास आगगाडी (मुंबई–ठाणे, १८५३) आणि कापडगिरण्या यांमुळे नव्या प्रकारच्या कौशल्यांची गरज निर्माण झाली. कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ मध्ये स्थापिली. गिरणीची यंत्रे इंग्लंडमधून आली व त्यांबरोबर ती चालविणारे तज्ञही आले. या तज्ञांचे पगार मोठे असत. तो भार कमी व्हावा असे गिरणीमालकांना वाटू लागले. सुशिक्षित वर्गाच्या दृष्टीने हा प्रश्न निराळा होता. देशातील तरुणांना वरिष्ठ तांत्रिक जागा मिळाव्यात आणि शेतीवरील भार कमी व्हावा, हा त्यांचा आग्रह होता.

प्रारंभीच्या संस्थांपैकी दोन संस्था लक्षणीय आहेत. सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांनी कला व उद्योग यांच्या शाळेसाठी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये तिचे वर्ग सुरू झाले; हीच पुढे सर ज. जी. कलाशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. त्याच वर्षी मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक व सुधारशाळा स्थापन झाली. ती बालगुन्हेगारांसाठी होती. हातकाम हे एकीकडे कलेच्या उद्धाराचे साधन, तर दुसरीकडे वाट चुकलेल्या मुलांना वळण लावण्याचे साधन, असे दोन्ही दृष्टिकोन प्रारंभापासून शेजारी शेजारी होते. पुणे येथे १८५४ मध्ये अभियांत्रिकी वर्ग सुरू झाला. परंतु त्याचा मुख्य हेतू सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरविणे हा होता. तेथून बाहेर पडणाऱ्यांना सरकारी नोकरीची वाट मोकळी असल्यामुळे त्या संस्थेला विद्यार्थ्यांची वाण पडली नाही.

सरकारी धोरण व तिजोरी : शिक्षणविषयक १८५४ च्या वुड खलित्यात व्यवहारोपयोगी ज्ञानाचा पुरस्कार होता. तथापि पुढील तीस वर्षांत प्रत्यक्ष खर्च मुख्यतः माध्यमिक व उच्च शिक्षणावर झाला. दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये असे दाखवून दिले, की बहुसंख्य लोक एकट्या शेतीवर अवलंबून असणे हे दुष्काळातील हलाखीचे मूळ असून, त्यावर अन्य व्यवसायांची वाढ हाच उपाय आहे. हंटर आयोगाने (१८८२–८३) माध्यमिक शाळांत प्रवेश परीक्षेकडे नेणारी एक आणि व्यापार व व्यवसाय यांकडे नेणारी दुसरी, अशा दोन शाखा असाव्यात अशी शिफारस केली. हिंदुस्थान सरकारने १८८६ मध्ये ए. पी. मॅकडॉनल यांच्याकडून तांत्रिक शिक्षणावर टिपण तयार करून घेतले व १८८८ मध्ये प्रांतिक सरकारांना या विषयाकडे लक्ष देण्यास सांगितले.

उपदेशाबरोबर पैसा मात्र आला नाही. लॉर्ड मेयो यांच्या १८७० च्या विकेंद्रीकरणानुसार शिक्षणाचा खर्च प्रांतिक सरकारांकडे सोपविला होता आणि प्रांतांचे उत्पन्न मर्यादित होते. मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकलफंडाची पट्टी घेतली जाई व तिचा एक तृतीयांश भाग शाळांवर खर्च होई. हा पैसा प्राथमिक शाळांनाच अपुरा पडत असे. महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी हंटर आयोगापुढील आपल्या निवेदनात याच दुखण्यावर बोट ठेवले : सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. प्राथमिक शिक्षण शेती व व्यवहार यांना उपयुक्त असावे, असेही त्यांनी सुचविले होते. औद्योगिक शाळेच्या खर्चाची चर्चा अशा रीतीने आरंभापासून न्याय्य वाटणीच्या प्रश्नाशी निगडित होती.

आर्थिक धोरणाचाही विरोध होता. लँकाशरच्या गिरणीमालकांच्या दडपणामुळे कापडावरील आयात जकात १८८२ मध्ये रद्द करण्यात आली. पुढे महसुलासाठी ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा १८९६ पासून हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनशुल्क आकारण्यात आले. ते १९२६ मध्ये रद्द झाले. सरकार व रेल्वे कंपन्या यांना लागणारी बरीचशी सामग्री इंग्लंडमध्ये खरेदी होत असे. एका हाताने तांत्रिक शिक्षणाचा पुरस्कार व दुसऱ्या हाताने ज्या उद्योगांत त्या शिक्षणाचा उपयोग व्हायचा त्यांवर बंधने, ही विसंगती समकालीन नेत्यांनी वारंवार दाखवून दिली.

निधी उभारण्याच्या रीती : शाळेच्या खर्चाचे तीन भाग पडत. जागा, इमारत व यंत्रे हा एकदाच करावयाचा भांडवली खर्च; शिक्षकांचे वेतन, कच्चा माल व कोळसा हा आवर्ती खर्च; आणि विद्यार्थ्यांच्या निर्वाहासाठी शिष्यवृत्त्या हा तिसरा भाग. पहिल्या भागासाठी देणग्या मिळविणे तुलनेने सोपे होते. दात्याचे नाव इमारतीला देता येई, राजघराण्यातील व्यक्तीचे वा गव्हर्नरचे स्मारक म्हणून वर्गणी जमविता येई आणि अशा दानाची सरकारदरबारी नोंद होई. दुसऱ्या भागासाठी सरकारची पूरक अनुदानाची पद्धत होती. संस्थेने प्रथम स्वतःची रक्कम उभी करावी, मग सरकार ठरावीक प्रमाणात भर घालील, असे तिचे स्वरूप होते. ही पद्धत श्रीमंत शहरांना अनुकूल व गरीब जिल्ह्यांना प्रतिकूल ठरली. कारण ज्या ठिकाणी दाते नाहीत, त्या ठिकाणी अनुदानही नाही.

स्थायी निधी बहुधा सरकारी रोख्यांत गुंतविला जाई. चार टक्के व्याजाने एक लाखाच्या निधीवर वर्षाला चार हजार रुपये मिळत. सरकारने १८९४ च्या सुमारास चार टक्क्यांचे रोखे साडेतीन टक्क्यांत रूपांतरित केले, तेव्हा तेच उत्पन्न साडेतीन हजारांवर आले. मूळ देणगीत एका पैचीही घट न होता उत्पन्नाचा आठवा हिस्सा गेला. यंत्रे जुनी होणे, त्यांचे सुटे भाग विलायतेहून मागविणे आणि कच्च्या मालाच्या वाढत्या किंमती यांचा विचार आरंभीच्या अंदाजपत्रकांत क्वचितच केलेला असे. अनेक शाळांत इमारत भक्कम, पण कार्यशाळेत काम थंड, अशी स्थिती होण्यामागे हे कारण होते.

मुंबईची संस्था : स्मारकनिधी, धनिकाचे दान, सरकारी अनुदान व उद्योगाची गरज हे चारही घटक व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत एकत्र आले. लॉर्ड रिपन (कार. १८८०–८४) यांच्या निवृत्तीच्या वेळी त्यांचे स्मारक म्हणून औद्योगिक शाळा काढण्याचे मुंबईकरांनी ठरविले व वर्गणी गोळा केली. तीनच वर्षांनी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव आला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे (कार. १८८५–९०) हे तांत्रिक शिक्षणाचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या सरकारने १८८६ मध्ये इलाख्यासाठी एक सुसंगत योजना मांडली. तीनुसार शेती व उच्च अभियांत्रिकी यांसाठी पुण्याचे विज्ञान महाविद्यालय, कलात्मक उद्योगांसाठी ज. जी. कलाशाळा आणि यांत्रिक उद्योगांसाठी मुंबईत नवी संस्था, अशी विभागणी झाली. रिपन स्मारकाची कल्पना व ज्युबिलीचा उत्साह यांचा संगम होऊन १८८७ मध्ये ही संस्था स्थापन झाली. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट (१८२३–१९०१) यांच्या दानामुळे तिला भायखळा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाची वास्तू मिळाली.

संस्थेचे पहिले मुख्य अभ्यासक्रम यंत्र अभियांत्रिकी आणि वस्त्रनिर्मिती हे होते. पुढे विद्युत् अभियांत्रिकी, उपयोजित रसायनशास्त्र इत्यादींची भर पडली. पदविकांपैकी एल्. एम्. ई. ही पदविका गिरण्यांत व कारखान्यांत विशेष मान्यता पावली. संस्थेच्या कारभारात सरकार, नगरपालिका व गिरणीमालक यांना स्थान होते. यामुळे शिक्षणाचा रोख ठरला : मुंबईच्या गिरण्यांना लागणारे पर्यवेक्षक, यंत्रकार व विणाई-कताई विभागांचे प्रमुख तयार करणे. या मर्यादेत संस्था यशस्वी झाली. गिरण्यांतील व्यवस्थापक व तांत्रिक अधिकारी यांत यूरोपीयांचे प्रमाण १८९५ मध्ये सु. ४२ टक्के होते, ते १९२५ मध्ये सु. २८ टक्क्यांवर उतरले. या बदलाचे श्रेय एकट्या संस्थेला देता येत नाही. गिरणीतच खालून वर चढलेल्या पारशी व हिंदू तंत्रज्ञांचा वाटाही मोठा होता. संस्था १९२३ मध्ये माटुंगा येथे हलविण्यात आली व १९९७ मध्ये तिचे वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट असे नामांतर झाले.

मुंबईच्या यशाचे मर्म असे, की शाळा व काम देणारा उद्योग एकाच शहरात, जवळजवळ एकाच रस्त्यावर होते. ज्यांनी पैसा दिला, त्यांनाच तयार माणसे हवी होती. मात्र गिरणीबाहेरच्या व्यवसायांना, विशेषतः हातमागावरील विणकर, तांबट किंवा खेड्यातील सुतार यांना तिचा थेट उपयोग झाला नाही.

बडोद्याचे कलाभवन : सयाजीराव गायकवाड, तिसरे (कार. १८७५–१९३९) यांनी १८९० मध्ये बडोदे येथे कलाभवन स्थापन केले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर (१८६३–१९२०) हे रसायनशास्त्रज्ञ होते. सुतारकाम, रंगाई, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला इ. विषय तेथे शिकविले जात. शिक्षण देशी भाषेतून देणे, हे कलाभवनाचे वैशिष्ट्य होय. त्यासाठी गज्जर यांनी तांत्रिक विषयांवरील पुस्तके देशी भाषांत तयार करविली. चित्रपटनिर्माते दादासाहेब फाळके यांनी येथे काही काळ शिक्षण घेतले होते. संस्थानाची स्वतःची तिजोरी असल्यामुळे राजाच्या आज्ञेने शाळा उभी राहू शकली. वर्गणीची वा पूरक अनुदानाची वाट पाहावी लागली नाही. तथापि संस्थानातही शाळेचे भवितव्य राजाच्या आस्थेवर अवलंबून असे. कलाभवन १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाविष्ट झाले.

औद्योगिक परिषद व पैसा फंड : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये पुणे येथे औद्योगिक परिषद भरली व पश्चिम हिंदुस्थानची औद्योगिक संघटना स्थापन झाली. परिषदेपुढील निबंधात रानडे यांनी डच ईस्ट इंडीजमधील शेती व उद्योगविषयक पद्धतीचा परामर्श घेतला. त्या पद्धतीतील सक्तीचा दोष मान्य करूनही त्यांनी असे प्रतिपादन केले, की भांडवलाची उणीव असलेल्या देशात उद्योगाला आरंभीचे बळ देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. शाळा, भांडवल व बाजारपेठ यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, ही दृष्टी या चर्चेतून पुढे आली.

सरकारकडून फारशी आशा नाही आणि मुंबईसारखे धनिक सर्वत्र नाहीत, अशा स्थितीत तिसरा मार्ग महाराष्ट्रात निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा देशी उद्योगासाठी द्यावा, अशी कल्पना मांडली व तिच्या प्रसारासाठी गावोगाव प्रवास केला. लोकमान्य टिळक (१८५६–१९२०) आणि केसरी यांनी तिला पाठिंबा दिला. त्या काळी रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे सर जमशेटजींनी एकट्याने दिलेली एक लाखाची रक्कम या मार्गाने जमविण्यास ६४ लाख लोकांनी प्रत्येकी एक पैसा देणे आवश्यक होते. गोळा करण्याचा खर्च व श्रम पाहता हा मार्ग व्यवहारतः अवघडच होता. त्याचे महत्त्व रकमेपेक्षा निराळ्या गोष्टीत होते. शाळेचा दाता एकच धनिक वा सरकार न राहता हजारो सामान्य माणसे झाली. त्यामुळे शाळेने कोणते शिक्षण द्यावे, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य चालकांना मिळाले.

या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे (जि. पुणे) येथे पैसा फंड काचकारखाना सुरू झाला. जपान व अमेरिकेत काचविद्येचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे पहिले तज्ञ व्यवस्थापक होते. तो केवळ कारखाना नव्हता. उमेदवारांना काच वितळविणे, फुंकणे व साच्यात घालणे यांचे शिक्षण देणारी शाळा हे त्याचे मूळ स्वरूप होते. काचेची भट्टी सतत तापती ठेवावी लागते. विद्यार्थी कामावर असोत वा नसोत, कोळसा जळतच राहतो. म्हणून निव्वळ शाळा म्हणून हा उपक्रम चालविणे अशक्य होते. तयार माल विकून भट्टीचा खर्च भागविणे क्रमप्राप्त होते. या अडचणीतूनच त्याचे बळ निर्माण झाले. विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून बाजारात टिकेल असा माल करावा लागे. तळेगाव येथे शिकलेले कारागीर पुढे देशातील अन्य काचकारखान्यांत गेले. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया व जर्मनी येथून होणारी काचसामानाची आयात थांबली, तेव्हा देशी काचधंद्याला जी संधी मिळाली, ती घेण्यास अशी शिकलेली माणसे उपयोगी पडली. हिंदी औद्योगिक आयोगानेही या संस्थेची दखल घेतली.

लोकाश्रित शाळेला राजकीय धोकाही होता. विष्णु गोविंद विजापूरकर (१८६३–१९२६) यांनी १९०६ मध्ये स्थापन केलेल्या समर्थ विद्यालयात राष्ट्रीय शिक्षणाबरोबर उद्योगशिक्षणाला स्थान होते. हे विद्यालय पुढे तळेगाव येथेच होते. सरकारी कारवाईमुळे ते १९१० मध्ये बंद पडले. पैसा फंडाने आपले कार्य उद्योगापुरते मर्यादित ठेवले आणि तो टिकून राहिला. एकाच गावातील या दोन संस्थांच्या भिन्न गतींवरून, वसाहतीत शाळेच्या नियोजनात केवळ पैशाचाच नव्हे, तर सत्तेच्या संशयाचाही हिशेब धरावा लागे, हे दिसून येते. बंगालमध्ये स्वदेशी चळवळीच्या काळात १९०६ मध्ये तारकनाथ पालित यांच्या पुढाकाराने बेंगॉल टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिचे स्वरूपही सरकारनिरपेक्ष होते.

मध्य प्रांत व गोंदिया परिसर : मध्य प्रांतात मुंबईसारखा धनिकवर्ग नव्हता व पुण्यासारखी वर्गणीची चळवळही मर्यादित होती. नागपूर येथे जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तेथे उमेदवारांना गिरणीतच शिक्षण देण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. म्हणजे शाळेचे काम कारखान्यानेच केले. सरकारी अभियांत्रिकी शाळा नागपूर येथे १९१४ मध्ये सुरू झाली व ती पुढे शासकीय तंत्रनिकेतन म्हणून विकसित झाली. विणकरांसाठी प्रांताच्या उद्योगखात्याने निराळा मार्ग धरला. शाळा बांधून विणकरांना तीत बोलावण्याऐवजी प्रात्यक्षिके करणारी पथके गावोगाव पाठवून त्यांना धावत्या धोट्याच्या मागाचा परिचय करून देण्यात आला. कमी खर्चात कारागिराच्या घरापर्यंत पोहोचणारी ही पद्धत इमारतींच्या शाळांपेक्षा अधिक व्यवहार्य होती.

भंडारा जिल्ह्यात पवनी, मोहाडी, आंधळगाव इ. ठिकाणी कोष्टी विणकरांची जुनी परंपरा होती. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध होते आणि जंगलपट्टीत कोसा व लाख यांचे उत्पादन होई. जिल्ह्याच्या पूर्व भागातील गोंदियाचे महत्त्व मात्र रेल्वेमुळे वाढले. नागपूर–छत्तीसगड रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात या भागातून गेली, पुढे ती बंगाल नागपूर रेल्वेत समाविष्ट झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जबलपूरकडे व चांद्याकडे जाणारे अरुंदमापी फाटे निघाल्यावर गोंदिया हे मोठे प्रस्थानक बनले. तांदूळ, तेंदूपाने, लाख व इमारती लाकूड यांची ही बाजारपेठ झाली. भातगिरण्या निघाल्या आणि विडीधंदा वाढला. ओनामा ग्लास वर्क्स हा काचकारखानाही येथे होता.

एवढी वाढ होऊनही वसाहतकाळात या गावी मोठी औद्योगिक शाळा निघाली नाही. याची कारणे येथील उद्योगांच्या स्वरूपात सापडतात. विडी वळण्याचे काम घरोघरी, मुख्यतः स्त्रियांच्या हातून होई आणि ते पाहून पाहून शिकले जाई. विडी कारखानदाराला शिक्षित कारागिराची गरज नव्हती. भातगिरणीला एखाददुसरा मिस्त्री पुरे असे. रेल्वेला कुशल माणसे लागत, पण तिच्या कार्यशाळा खरगपूर व नागपूर (मोतीबाग) येथे होत्या आणि उमेदवारी तेथेच मिळे. परिणामी उद्योगातून होणारा नफा गोंदियात, शिक्षणाची सोय नागपुरात आणि निर्णय कलकत्ता वा लंडन येथे, अशी विभागणी झाली. पूरक अनुदानाच्या पद्धतीत अशा गावाला आपणहून काही मिळणे शक्य नव्हते. विडीव्यवसायातील पैसा या भागात शिक्षणाकडे वळला, तो स्वातंत्र्योत्तर काळात. विडी उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली व तिच्या द्वारा जिल्ह्यात शाळा-महाविद्यालयांचे जाळे उभे राहिले. नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्थेचा (१९४२) उगमही अशाच स्थानिक धनातून झाला. कामठीचे खाण-उद्योजक डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राद्वारे आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली होती.

विद्यार्थी, भाषा व जात : शाळांचे नियोजन करणाऱ्यांनी कारागिरांच्या मुलांचा विचार केला होता, प्रत्यक्षात मोठ्या संस्थांत आली ती प्रामुख्याने लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या वर्गांतील मुले. प्रवेशासाठी इंग्रजीचे ज्ञान आवश्यक असे. कारागिराच्या घरी दहा-बारा वर्षांचा मुलगा कमावता असे. त्याला चार वर्षे शाळेत ठेवणे म्हणजे फी माफ असली तरी त्याच्या कमाईचा तोटा सोसणे होते. म्हणून शिष्यवृत्ती ही या शिक्षणाची किल्ली होती. पण निधीच्या तीन भागांत तिलाच सर्वांत कमी वाटा मिळाला. दुसऱ्या टोकाला, लहान औद्योगिक शाळांत सुतारकाम शिकलेली पुष्कळ मुले शेवटी कारकुनीकडे वळली. कारण रंध्यापेक्षा लेखणीला पगार व प्रतिष्ठा अधिक होती. जातिबद्ध व्यवसायांच्या भिंती शाळेने काही प्रमाणात ओलांडल्या. ब्राह्मण, प्रभू व पारशी तरुण यंत्रशाळेत हात काळे करू लागले, हा सामाजिक बदल लहान नव्हता. परंतु उलट दिशेची वाट, म्हणजे कोष्टी वा लोहाराच्या मुलाने अभियंता होण्याची वाट, तितकी रुंद झाली नाही. स्त्रियांसाठी शिवणकाम व विणकाम यांपलीकडे सोय नव्हती.

चौकशी समित्या व घटनात्मक बदल : लॉर्ड कर्झन यांनी १९०१ मध्ये सिमला येथे शिक्षणपरिषद भरविली. त्यानंतर कर्नल क्लिबॉर्न यांच्या अध्यक्षतेखालील समितीने औद्योगिक शाळांची पाहणी केली. या शाळांचे उद्दिष्ट निश्चित नाही व त्यांचा प्रत्यक्ष उद्योगांशी संबंध तुटलेला आहे, असे आढळून आले. परदेशी तांत्रिक शिक्षणासाठी १९०४ पासून वार्षिक १५० पौंडांच्या सरकारी शिष्यवृत्त्या देण्यात आल्या. परंतु परत आलेल्या तरुणांना योग्य जागा मिळण्यात अडचणी आल्या. मुंबईच्या संस्थेचे प्राचार्य टी. एस्. डॉसन व लेफ्टनंट कर्नल ॲट्‌किन्सन यांनी १९१२ मध्ये तांत्रिक संस्था आणि मालकवर्ग यांचा संबंध कसा वाढविता येईल, याचा अहवाल दिला. सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक आयोगाने (१९१६–१८) औद्योगिक शाळा शिक्षणखात्याकडून काढून उद्योगखात्याकडे द्याव्यात, असे सुचविले. पंडित मदनमोहन मालवीय यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत हिंदी उद्योगांच्या ऱ्हासाची राजकीय कारणे मांडून तांत्रिक शिक्षणाच्या अधिक व्यापक विस्ताराची मागणी केली.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार (१९१९) शिक्षण व उद्योगविकास ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. अर्थखाते मात्र राखीव राहिले. योजना आखणारा मंत्री एक व तिजोरी उघडणारा अधिकारी दुसरा, अशी ही व्यवस्था होती. ॲबट व वुड यांच्या १९३७ च्या अहवालाने व्यावसायिक शिक्षणाची सामान्य शिक्षणाशी समांतर अशी श्रेणी सुचविली. दुसऱ्या महायुद्धात तंत्रज्ञांची निकड भासताच अल्पावधीत मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षणवर्ग काढण्यात आले. जे काम पैशाअभावी पन्नास वर्षे रेंगाळले होते, ते गरज राज्यकर्त्यांची होताच तडीस गेले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे देशव्यापी जाळे उभे राहिले.

मूल्यमापन : ब्रिटिशकालीन औद्योगिक शाळांचा इतिहास केवळ सरकारी अनास्थेचा नाही आणि केवळ दातृत्वाचाही नाही. ज्या हाताने पैसा दिला, त्या हाताने शाळेचा आकार ठरविला. गिरणीमालकांच्या साहाय्याने उभी राहिलेली संस्था गिरणीची झाली, राजाची संस्था राजाच्या दृष्टीइतकी व्यापक झाली आणि पैशापैशाने जमलेल्या निधीतून उभी राहिलेली शाळा भट्टीच्या खर्चासाठी बाजाराशी बांधली गेली. टिकल्या त्या मुख्यतः ज्यांच्या दाराशी काम होते त्या शाळा. इमारत, नाव व देणगी असूनही कामाशी नाते नसलेल्या शाळा निष्प्रभ ठरल्या. ज्या भागांत ना दाता होता, ना कुशल कामाची मागणी, तेथे शाळेची योजना कागदावरही फारशी आली नाही. पूर्व विदर्भाचा बराचसा भाग त्यांपैकी होय. शिक्षणाचा खर्च ज्यांच्या महसुलातून निघाला, त्या शेतकरी-कारागीर वर्गाला त्याचा लाभ सर्वांत उशिरा मिळाला. फुले यांनी १८८२ मध्ये मांडलेला हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर औद्योगिक प्रशिक्षणाच्या विस्ताराला पार्श्वभूमी म्हणून राहिला.